फिश टँकच्या कंट्रोलरचा पीएच प्रोब कॅलिब्रेट करताना: आधी मिलीव्होल्ट लिहा, मग बटण दाबा

प्रोबला, म्हणजे टँकच्या पाण्यात बुडवलेल्या पीएच सेन्सरला, हात लावायच्या आधी सीओटूचा सोलेनॉईड (गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बंद करा. कंट्रोलरमध्ये मॅन्युअल ऑफ असेल तर ते करा, नसेल तर सरळ प्लग काढा, आणि डोसिंग पंप (टँकमध्ये मोजून द्रावण सोडणारा) पीएचवर चालत असेल तर त्याचाही काढा. बाकी सगळं नंतर.

हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्याकडे हे झालेलं आहे. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, घरी तीन फुटी प्लांटेड टँक आहे, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला, त्यांच्यासाठीच सीओटू, साधारण १८० लिटरचा, आणि कंट्रोलर ६.६ ला सेट केलेला असतो, म्हणजे पीएच त्याच्या वर गेला की सोलेनॉईड उघडतो, खाली आला की बंद (सीओटू पाण्यात विरघळला की पीएच उतरतो). एका शनिवारी सकाळी प्रोब टँकमधून काढून ७.०० च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असलेलं द्रावण) ठेवला आणि तेवढ्यात खाली सोसायटीत टँकर आला, टाकीचं झाकण उघडायला, मीटर बघायला कोणीतरी हवं होतं, दहा मिनिटं म्हणून गेलो आणि पाऊण तासानं वर आलो. आता कंट्रोलरला काय कळणार की प्रोब टँकमध्ये नाही, वाटीत आहे? त्याला ७.०० दिसत होता, म्हणजे त्याच्या हिशोबानं सीओटू कमी पडत होता, त्यामुळे पाऊण तास व्हॉल्व्ह उघडाच. मी आलो तेव्हा सगळे रमीनोज (लाल डोक्याचे छोटे मासे) वर पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते, डोक्याचा लाल रंग पार फिका पडलेला. लगेच दोन एअर स्टोन टाकले, तीस टक्के पाणी बदललं, तरी संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले. त्यामुळे पहिली पायरी हीच, सोलेनॉईड बंद, आणि तो बंद आहे हे बबल काउंटरमध्ये (गॅसचे बुडबुडे दिसतात ती छोटी नळी) डोळ्यांनी बघून घ्या.

कॅलिब्रेशनचं हे बटण नेमकं करतं काय

पीएचचा प्रोब म्हणजे एक फार अशक्त बॅटरी आहे असं समजा. खालचा काचेचा बल्ब पाण्यातल्या हायड्रोजन आयनप्रमाणे काही मिलीव्होल्ट देतो, ७ पीएचला आदर्श प्रोब ० मिलीव्होल्ट देतो, आम्लाकडे गेलं की प्लस, अल्कलीकडे गेलं की मायनस, आणि २५ डिग्रीला दर एका पीएचमागे ५९.१६ मिलीव्होल्टचा फरक पडतो. आपल्याकडे टँक २८ डिग्रीला असला तर तोच आकडा साधारण ५९.७५ होतो. खरा प्रोब कधीच इतका आदर्श नसतो. ७ ला शून्याऐवजी तो ५-१० मिलीव्होल्ट दाखवतो, याला ऑफसेट म्हणायचं, आणि दर पीएचमागे ५९ ऐवजी ५७-५८ देतो, हा झाला स्लोप. प्रोब म्हातारा होत जातो तसा ऑफसेट सरकत जातो आणि स्लोप घसरत जातो.

कॅलिब्रेशनमध्ये आपण कंट्रोलरला ह्याच दोन गोष्टी सांगतो, की बाबा ह्या प्रोबचं ७ म्हणजे इतके मिलीव्होल्ट आणि ४ म्हणजे इतके. कंट्रोलर ते निमूटपणे मान्य करतो. इथेच खरी मेख आहे. मरायला टेकलेला प्रोबसुद्धा कॅलिब्रेट होतो, ७ च्या वाटीत बरोबर ७.०० दाखवतो, ४ च्या वाटीत ४.०१ दाखवतो, आपण खूष होऊन तो परत टँकमध्ये सोडतो आणि चार दिवसांत तो भलतीकडे गेलेला असतो. म्हणून बटण दाबायच्या आधी प्रत्येक बफरमधला मिलीव्होल्टचा आकडा वहीत लिहायचा. अनेक कंट्रोलरवर तो कॅलिब्रेशनच्या स्क्रीनवर किंवा रॉ रीडिंग नावाखाली दिसतो. नसेलच दिसत तर बटण दाबायच्या आधी बफरमध्ये पीएच किती दिसतोय ते तरी लिहा, म्हणजे मागच्या वेळेपासून प्रोब किती सरकला हे कळतं.

आणि थोड्याशा चुकीनं काय होतंय असं वाटत असेल तर हे बघा. पीएचची पट्टी १९०९ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञानं मांडली ती लॉगॅरिदमिक आहे, म्हणजे एका पीएचचा फरक म्हणजे दहापट आणि ०.३ चा फरक म्हणजे दुप्पट. तुमचा प्रोब ०.३ नं जास्त दाखवत असेल तर कंट्रोलर प्रामाणिकपणे तुमच्या टँकमध्ये ठरवलेल्याच्या दुप्पट सीओटू सोडत राहतो.

सामान

फार काही लागत नाही. ताजी बफर सोल्यूशन्स, डिस्टिल्ड वॉटर, चार-पाच छोट्या वाट्या, टिश्यू पेपर, एक बरा थर्मामीटर, मऊ टूथब्रश आणि वही-पेन. वाट्या म्हणून मी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारे प्लॅस्टिकचे मापाचे कप वापरतो, उंच आणि अरुंद असतात त्यामुळे १५ मिलीत बल्ब बुडतो. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे पाच लिटरचा कॅन मिळतो तेच चालतं. बफर ठाण्यात मिळालं नाही तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबच्या केमिकलची दुकानं आहेत, तिथे सीलबंद बाटली मिळते, आणि ऑनलाईन तर आहेच.

कुठले दोन बफर घ्यायचे? प्लांटेड टँकमध्ये पीएच ६ ते ७.५ च्या मधे फिरतो, म्हणून ७.०० आणि ४.०१. समुद्री टँकचा पीएच ७.८ ते ८.४ असतो, त्यांनी ७.०० आणि १०.०१ घ्यावेत. ज्या बाजूला तुमचं पाणी आहे ती बाजू बफरनं झाकली गेली पाहिजे एवढंच.

आता पावडरच्या पुड्यांबद्दल. त्या पिवळ्या पेनसारख्या स्वस्त मीटरबरोबर येतात त्या पुड्या बहुतेक वेळा ६.८६, ४.०१ आणि ९.१८ च्या असतात, ७.०० च्या नसतात. दोन्ही प्रकारचे बफर चांगलेच आहेत पण कंट्रोलरला ७.०० सांगून वाटीत ६.८६ ठेवलं तर पहिल्याच पायरीला ०.१४ ची चूक आत बसली, आणि ती नंतर कुठेही दिसत नाही. माझ्या वाशीच्या एका मित्राचा टँक दोन महिने असाच चालला होता, ड्रॉप चेकर (सीओटूप्रमाणे रंग बदलणारी टँकमधली छोटी काचेची डबी, सीओटू जास्त झाला की पिवळी) पिवळा का पडतोय हे कळेना, शेवटी कचऱ्याच्या डब्यातली पुडी शोधून वाचली तेव्हा उलगडा झाला. पुडीवर जो आकडा आहे तोच कंट्रोलरमध्ये टाका, आणि कंट्रोलर फक्त ७-४-१० च घेत असेल तर तेच बफर विकत आणा. पुडी २५० मिलीची असेल तर बरोबर २५० मिली डिस्टिल्ड पाण्यातच विरघळवा, अर्धी पुडी अर्ध्या पाण्यात असं करू नका, पावडर आत सारखी मिसळलेली असेलच असं नाही.

बाटली उघडलीत की तिच्यावर तारीख लिहा. वाटीत ओतलेलं बफर परत बाटलीत कधीच ओतायचं नाही. ४ च्या बफरमध्ये बुरशी धरते, तळाशी कापसासारखं काही तरंगताना दिसलं की फेकून द्या. १० चं बफर हवेतला सीओटू शोषून हळूहळू खाली घसरतं, म्हणून ते सगळ्यात आधी खराब होतं, समुद्री टँकवाल्यांनी त्याच्या छोट्या एकदा वापरायच्या पुड्याच घेतलेल्या बऱ्या. आणि घरात लहान मुलं असतील तर एक सांगणं, ही बफर रंगीत येतात, ४ चं गुलाबी, ७ चं पिवळं, १० चं निळं, अगदी सरबतासारखी दिसतात, फ्रिजच्या दारात ठेवू नका.

प्रोब आधी धुवा

घाण प्रोब कॅलिब्रेट करणं म्हणजे चष्म्यावरची धूळ न पुसता नंबर काढायला जाणं. टँकमधून प्रोब काढला की उजेडात धरून बल्ब बघा. हिरवट किंवा चिकट थर असेल तर घरातलं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी दहा-पंधरा भाग, त्यात दहा मिनिटं टोक बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. पांढरा खरखरीत थर असेल, समुद्री टँकमध्ये हमखास असतो, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटं. दोन्ही करायचं असेल तर मधे नळाखाली नीट धुवायचं, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे फार गांभीर्यानं घ्या, खिडकी उघडी ठेवून करा.

बल्ब टिश्यूनं पुसायचा नाही, नुसता टिपून घ्यायचा. घासलं की काचेवर स्थिर वीज येते आणि रीडिंग बराच वेळ थरथरत राहतं, शिवाय काच फार पातळ असते, ओरखडे पडतात. टूथब्रश फक्त बल्बभोवतीच्या प्लॅस्टिकच्या जाळीला. धुऊन झालं की प्रोब स्टोरेज सोल्यूशनमध्ये (पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण, कृती शेवटी आहे) तासभर तरी बुडवून ठेवा, मी रात्री धुऊन ठेवतो आणि सकाळी कॅलिब्रेट करतो, रात्रभर सोलेनॉईड बंदच राहतो त्यामुळे टँकचंही काही बिघडत नाही.

बफर टँकच्या तापमानाला आणा

बफरच्या वाट्या झाकून टँकमध्ये अर्धा तास तरंगत ठेवा, किंवा पुड्या न फोडता तशाच पाण्यात सोडा. एसीच्या खोलीतलं २४ डिग्रीचं बफर आणि मे महिन्यातला ३१ डिग्रीचा टँक, यात प्रोबला सारखं तापमान बदलून रीडिंग स्थिरच होत नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर जोडलेला असला, त्याला एटीसी म्हणतात, की तापमानाचं सगळं आपोआप होतं असं वाटतं. एटीसी फक्त प्रोबचा स्लोप दुरुस्त करतो, ते ५९.१६ चे ५९.७५ वगैरे. बफरचा स्वतःचा पीएच तापमानानुसार बदलतो त्याचं काय? ते काही कंट्रोलर आतल्या तक्त्यावरून करतात, काही करत नाहीत. ४ आणि ७ च्या बफरला फार फरक पडत नाही, ३० डिग्रीला एखाद-दुसरा शतांश इकडेतिकडे. पण ९.१८ चं बफर ३० डिग्रीला ९.१४ होतं, आणि १० चं पण असंच चार-पाच शतांश खाली येतं. बाटलीच्या मागे छोटा तक्ता छापलेला असतो तो बघा आणि कंट्रोलर हातानं आकडा टाकू देत असेल तर त्या तापमानाचा टाका. तापमानाचा सेन्सरही बफरच्या वाटीतच ठेवायचा, टँकमध्ये नाही.

बटण दाबायची वेळ

चार वाट्या ओळीत ठेवा: डिस्टिल्ड वॉटर, ७ चं बफर धुवायला, ७ चं बफर रीडिंगला, आणि अशाच ४ च्या दोन. हो, पाच झाल्या, पाचच लागतात. प्रत्येक बफरच्या दोन वाट्या यासाठी की पहिलीत प्रोब विसळला की बल्बला चिकटलेलं आधीचं पाणी तिथेच राहतं आणि दुसरीतलं बफर शुद्ध राहतं.

प्रोब डिस्टिल्ड पाण्यात विसळा, एक थेंब टोकाला लटकत राहतो तो टिश्यूच्या कडेनं टिपा. ७ च्या पहिल्या वाटीत दोन-तीनदा हलवा, मग दुसऱ्या वाटीत ठेवा. बल्ब आणि त्याच्या थोडं वर असलेला तो बारीक पांढरा ठिपका किंवा कडं, जंक्शन म्हणतात त्याला, दोन्ही बुडाले पाहिजेत. बल्बच्या आत किंवा खाली हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना बघा, असेल तर थर्मामीटर झटकतात तसा हलका झटका द्या. थोडं ढवळून मग स्थिर सोडा.

आता वाट बघायची. आकडा आधी भराभर पळतो, मग रांगत जातो. चांगल्या प्रोबला एक-दोन मिनिटं लागतात, जुन्याला पाच. मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावतो आणि पूर्ण एक मिनिटात आकडा एक मिलीव्होल्टपेक्षा जास्त हलला नाही तरच वहीत लिहितो. माझी मुलगी वही घेऊन बसते आणि मोठ्यानं आकडे सांगते, आठ, आठ, नऊ, आठ, आठ. असं झालं की लिहायचं +८, आणि मग बटण. घाई इथेच होते सगळ्यांची, आकडा ७ च्या आसपास दिसला की बोट जातंच बटणाकडे.

मग परत डिस्टिल्ड पाणी, टिपणं, ४ च्या पहिल्या वाटीत विसळणं, दुसऱ्या वाटीत थांबणं, लिहिणं, बटण. नेहमी ७ पासूनच सुरुवात करा, काही सर्किटमध्ये ७ चं बटण दाबलं की आधीचे बाकीचे पॉइंट पुसले जातात, त्यामुळे उलट क्रमानं केलंत तर ४ चं केलेलं वाया जातं. तीन पॉइंटचं असेल तर ७, ४, १०.

झालं की प्रोब विसळून परत ७ मध्ये ठेवा. ६.९८ ते ७.०२ मध्ये आला तर छान, ०.०५ पेक्षा जास्त फरक दिसला तर तुम्ही कुठेतरी घाई केलीत, पहिल्यापासून परत करा. ज्याच्याकडे ६.८६ किंवा ९.१८ ची पुडी पडून आहे त्यानं ती आता काढावी, ह्या बफरवर आपण कॅलिब्रेट केलेलं नाही म्हणून खरी परीक्षा हीच. ६.८६ मध्ये ६.८६ च्या जवळ आलं म्हणजे काम झालं.

वहीतला हिशोब

मागच्या वेळेचे माझे आकडे: ७.०० मध्ये +८, ४.०१ मध्ये +१८१, तापमान २८. दोघांतला फरक १७३. दोन बफरमधलं अंतर २.९९ पीएच. १७३ भागिले २.९९ म्हणजे ५७.९ मिलीव्होल्ट दर पीएचमागे. २८ डिग्रीला आदर्श ५९.७५, म्हणजे प्रोब साधारण ९७ टक्के. उत्तम.

त्याच्या आधीचा प्रोब काढला तेव्हाचे आकडे शेजारच्याच पानावर आहेत: +३४ आणि +१७६. फरक १४२, भागिले २.९९ म्हणजे ४७.५, ८० टक्क्यांच्या किंचित खाली. तो प्रोब कॅलिब्रेट होत होता, स्क्रीनवर हिरवी टिक येत होती, पण तो संपलेला होता. ऑफसेट ३० मिलीव्होल्टच्या आत आणि स्लोप ९५ टक्क्यांच्या वर म्हणजे निवांत राहा, ९० च्या खाली आला की एकदा नीट धुऊन, रात्रभर भिजवून परत करून बघा, ८५ च्या खाली म्हणजे नवीन मागवा. साधारण वर्ष ते दीड वर्ष टिकतो प्रोब, सतत पाण्यात असतो बिचारा. आणि दोन्ही बफरमध्ये जवळजवळ सारखाच आकडा येत असेल तर बल्बला तडा गेलाय किंवा केबल शॉर्ट आहे, तिथे कॅलिब्रेशनचा संबंध नाही.

ज्यांनी स्वतः ईएसपी-३२ किंवा आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर कंट्रोलर बनवलाय आणि ते पीएच-४५०२सी नावाचं निळं बोर्ड वापरतायत, त्यांनी आधी प्रोब काढून बीएनसी सॉकेटची (प्रोबची केबल लागते ते गोल सॉकेट) मधली पिन आणि बाहेरचं कडं तारेच्या तुकड्यानं जोडावं, म्हणजे बोर्डला ० मिलीव्होल्ट मिळतात, आणि बीएनसीच्या जवळचा छोटा स्क्रू फिरवून आउटपुट २.५ व्होल्टला आणावं. दुसरा स्क्रू अलार्मच्या मर्यादेचा आहे, त्याचा रीडिंगशी संबंध नाही, लोक तासन्‌तास तो फिरवत बसतात. ह्या बोर्डवर पीएच वाढला की व्होल्ट कमी होतात, कोडमध्ये चिन्ह उलटं पडणार नाही ना बघा. ईएसपी-३२ च्या पिनला ३.३ व्होल्टच्या वर देऊ नका, आणि त्याचा आतला एडीसी (व्होल्ट मोजून आकडा देणारा भाग) टोकांना वाकडा वाचतो, त्यामुळे एडीएस-१११५ या वेगळ्या एडीसीचं छोटं मॉड्यूल मधे घालाच, दोनेकशे रुपयांसाठी इतकी मेहनत वाया घालवू नये.

वाटीत बरोबर, टँकमध्ये चूक

हे फार जणांना छळतं. कॅलिब्रेशन नीट, पण टँकमध्ये टाकला की आकडा उड्या मारतो, हीटर सुरू झाला की पीएच ०.४ नं खाली, बंद झाला की वर. पाण्याचा पीएच असा सेकंदात बदलत नाही. टँकचं पाणी एका ग्लासात काढा, प्रोब त्यात ठेवा, रीडिंग घ्या, मग परत टँकमध्ये ठेवून घ्या. ग्लासात ६.७ आणि टँकमध्ये ६.३ येत असेल तर पाण्यातून वीज झिरपतेय, हीटर किंवा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) यांपैकी काहीतरी गळतंय. एकेक प्लग काढत जा, ज्याचा काढल्यावर आकडा जागेवर येतो तो दोषी. पाण्यात हात घालायच्या आधी सगळं बंद करा, आणि टँकच्या बोर्डला ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, पीएच नंतर बघू.

दुसरं कारण कनेक्टर. काचेच्या बल्बचा रेझिस्टन्स शेकडो मेगाओहम असतो, त्यामुळे बीएनसीवर बोटाचा घाम किंवा दमट हवेचा थर बसला तरी सिग्नल तिथेच झिरपून जातो आणि आकडा ७ कडे ओढला जातो. खाडीकाठी राहणाऱ्यांनी, मग ते ठाणे असो की ऐरोली-वाशी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे गृहीतच धरा. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कनेक्टर पुसा, हेअर ड्रायरच्या कोमट हवेनं वाळवा. केबल टँकमधून कंट्रोलरकडे जाताना मधे खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, बीएनसीत शिरत नाही.

प्रोब टँकमध्ये परत गेल्यावर लगेच ड्रॉप चेकरशी ताडून बघू नका, तासभर जाऊ द्या. पाण्यात सीओटू सोडणाऱ्या डिफ्यूझरच्या बुडबुड्यांच्या थेट वाटेत ठेवू नका, प्रवाह आहे पण बुडबुडे नाहीत आणि उजेड कमी आहे अशी जागा बघा, बल्ब खाली, केबलकडचं टोक पाण्याच्या वर. संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) असेल तर बाष्पीभवनानं पातळी उतरल्यावर बल्ब उघडा पडणार नाही ना तेही बघा.

आता सोलेनॉईड, पण आधी केएच

प्रोब बरोबर झाला, म्हणजे सेटपॉइंट बरोबर झाला असं नाही. पाण्यातला सीओटू पीएच आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) दोन्हीवर ठरतो. ढोबळ हिशोब असा की केएच ४ ला पीएच ६.६ म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास, केएच २ ला तेवढाच सीओटू ६.३ ला येतो आणि केएच ६ ला ६.८ ला. टँकमध्ये लाकूड, पानं यांचं आम्ल भरपूर असेल तर हा हिशोब सीओटू आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, तिथे ड्रॉप चेकरवर जास्त भरवसा ठेवा.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे. ठाण्याला भातसा नदीचं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, हे मऊ पाणी आहे, माझ्या नळाचा केएच २ च्या आसपास येतो. मी १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा या हिशोबानं तो वाढवतो, तेवढ्यानं केएच साधारण १ नं चढतो. पण एप्रिल-मे मध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले, त्यात बोअरचं पाणी आलं, की टाकीतला केएच काही न करता ५-६ होतो. समजा कोणाचा सेटपॉइंट केएच २ धरून ६.३ ला आहे आणि दोन पाणी बदलांत केएच ४ झाला, तर कंट्रोलर ६.३ वर आणण्यासाठी ६० पीपीएम सीओटू ओतणार, आणि प्रोब पूर्ण बरोबर असूनही मासे वर येणार. म्हणून वहीत कॅलिब्रेशनच्या शेजारी केएचचा रकाना ठेवा आणि टँकरच्या दिवसांत दर आठवड्याला टेस्ट किटचे थेंब मोजा.

सोलेनॉईड परत चालू करताना कंट्रोलरमध्ये ०.१ चा फरक ठेवा, म्हणजे ६.६ ला बंद, ६.७ ला चालू, नाहीतर तो दर मिनिटाला टकटक करत राहतो. आणि सोलेनॉईड सलग जास्तीत जास्त किती वेळ उघडा राहील याची मर्यादा घालायची सोय असेल तर घालाच. माझ्याकडे त्या शनिवारनंतर वीस मिनिटांची आहे. पहिला तासभर टँकसमोरच बसा.

पुन्हा कधी, आणि मधल्या काळात

नवीन प्रोब पहिल्या आठवड्यानंतर एकदा, मग महिन्याला. मधेच शंका आली तर नुसता ७ च्या बफरमध्ये बुडवून बघा, ०.१ च्या आत असेल तर सोडून द्या, उगाच रोज कॅलिब्रेट करू नका.

प्रोब काढून ठेवायचा असेल तर तीन मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये, टोपीत भरून. घरी बनवायचं तर २२.४ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम क्लोराईड घेऊन डिस्टिल्ड पाणी घालत एकूण १०० मिली करा. ते नसेल तर तात्पुरतं ४ चं बफर चालतं. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात मात्र कधीच ठेवायचा नाही, आतलं मीठ जंक्शनमधून बाहेर झिरपत जातं आणि प्रोबचं आयुष्य कमी होतं. टोपीभोवती पांढरे खडे जमले तर घाबरू नका, ते तेच मीठ आहे, पाण्यानं धुवा. सुकलेला प्रोब सापडला तर २४ तास त्याच पोटॅशियम क्लोराईडमध्ये भिजवून मग त्याचे मिलीव्होल्ट बघा, बरेचसे परत येतात. नवीन विकत घेताना दुकानातच टोपी उघडून आत ओल आहे ना बघा आणि घरी आणल्या आणल्या केबलला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर तारीख आणि पहिल्या दिवसाचे दोन आकडे लिहा, ७ चा आणि ४ चा. माझ्या आत्ताच्या प्रोबवर लिहिलंय +३ आणि +१८०.